रांगत्या यंत्राची नाडीपरीक्षा

कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन गांवाजवळची शेतजमीन इतकी मऊ, कीं वाफेचें अवजड यंत्र तिच्यावर घातलें कीं रुतलेंच म्हणून समजावें. चाकें कितीही रुंद केलीं तरी निभाव लागेना, तेव्हां बेंजामिन होल्ट यांनीं चाकांच्या जागीं लांकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसविले आणि १९०४ च्या २४ नोव्हेंबरला त्यांची परीक्षा घेतली. यंत्र आपला रस्ता आपणच अंथरीत चालूं लागलें! तें सुरवंटासारखें रांगतें म्हणून त्याचें नांव 'कॅटरपिलर' पडलें. १९२५ सालीं होल्ट व बेस्ट या प्रतिस्पर्धी कारखान्यांचा संयोग झाला, तेव्हां नव्या कंपनीनेंही तेंच नांव धारण केलें.

आरंभींच्या यंत्रांना दिशा देण्यासाठीं पुढें एक चाक असे. १९१९ च्या सुमाराच्या बेस्ट यांच्या यंत्रांत तें नाहींसें झालें. मग सुकाणूंवांचून ही नौका वळावी कशी? तर प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र क्लच. डावा दांडा ओढला कीं डाव्या पट्ट्याची शक्ति तुटते, उजवा ढकलीतच राहतो आणि यंत्र डावीकडे वळतें. पुढें पातें लागून त्याचा बुलडोझर झाला, तरी वळण्याची ही रीत पुष्कळ वर्षें टिकली.

जुन्या बुलडोझरचा रोग ओळखावयाचा तो याच रचनेवरून. इंजिनामागें मुख्य क्लच, त्यामागें गिअरपेटी आणि तेथून शक्तीच्या दोन वाटा. भार येतांच दोन्ही पट्टे थबकले व इंजिन मात्र पूर्ण वेगानें धडधडत राहिलें, तर मुख्य क्लच घसरतो आहे. इंजिनच दबून बंद पडूं लागलें, तर त्या क्लचवर आळ घेऊं नये. दांडा लावतांना बसणारा खटका मऊ पडला असेल, तर पुष्कळदां थोडें आंवळल्यानें काम भागतें.

एकाच बाजूचा दोष अधिक मजेदार असतो. डावा क्लच घसरूं लागला कीं चढावर यंत्र डावीकडे ओढ घेतें, आणि उतारावर उजवीकडे! कारण उतारावर इंजिन ओढीत नाहीं, तें आवरून धरतें. ज्या पट्ट्यावरील त्याची पकड सुटली, तो पुढें धांवतो. तीव्र उतारावर ब्रेक न दाबतां नुसता डावा दांडा ओढला, तर धड यंत्रही याच न्यायानें उजवीकडे जातें. १९४२ च्या डिसेंबरांत आसामांतील लेडोहून ब्रह्मदेशाकडे जो युद्धमार्ग काढावयास घेतला, तेथें बुलडोझर चालत ते डोंगराच्या कुशींत, दरीच्या कांठानें. हें गणित हातांत मुरलेलें नसेल, तर अशा जागीं चूक सुधारावयास वेळ तो किती मिळणार?

आतां क्लच घसरतो कां, तें पाहावयाचें. दांड्याला थोडी मोकळी चाल नसेल, तर क्लच सदा अर्धवट सुटलेलाच राहतो. हें आधीं तपासावें, त्याला खर्च नाहीं. त्या काळचे वळणाचे क्लच कोरडे, त्यांचा वैरी तेल. शेजारच्या पेटीचें सील झिजलें कीं तेल तबकड्यांवर उतरतें. याच्या उलट, पावसांत महिनोंमहिने उभ्या राहिलेल्या यंत्राच्या तबकड्या गंजून एकमेकींस चिकटतात. मग दांडा ओढला तरी पट्टा सुटत नाहीं. क्लचच्या कोठडीखालीं एक बूच असतें. जाणता मिस्त्री यंत्र उघडण्यापूर्वी तें काढून खालीं भांडें धरतो, आणि काय ठिबकतें, तेल कीं तांबूस पाणी, हें पाहिल्यावरच पाना हातीं घेतो.