निवेदक, नभोवाणी आणि पॉडकास्ट

नभोवाणीच्या निवेदकाने केंद्र सोडले म्हणजे त्याच्याबरोबर काय जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ध्वनिमुद्रणे केंद्राची, वेळापत्रक केंद्राचे, लहरींवर ताबा सरकारचा. त्याच्याबरोबर जातो तो आवाज आणि त्या आवाजावर जडलेला श्रोत्यांचा विश्वास. एवढ्याच भांडवलावर अलीकडे अनेक जुने निवेदक पॉडकास्टकडे वळले आहेत. या स्थलांतराचा विचार जालन्यात होणे उचितच आहे. कारण नभोवाणी कोणाच्या हाती आहे यावर किती अवलंबून असते, हे आपल्या भागाने जवळून अनुभवले आहे.

१९४८ साली जालना हा हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. संस्थानाची स्वतंत्र नभोवाणी होती आणि तिची केंद्रे हैदराबाद व औरंगाबाद येथे होती. पोलीस कारवाईच्या अखेरीस, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाने युद्धबंदी जाहीर केली ती नभोवाणीवरूनच. पुढे १९५० मध्ये ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. धनी बदलला, पण लहरींचा धनी सरकारच, हा नियम कायम राहिला.

त्या नियमात काहीच चांगले नव्हते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९५६ च्या आरंभी युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवाव्यात, अशी ती योजना होती. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात असल्यामुळे या प्रयोगाबाहेर राहिले. मुंबई राज्यात आपण आलो ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. ऐकणाऱ्यालाही बोलता यावे, ही दृष्टी त्या प्रयोगामागे होती.

पण सरकारी दरवाजा बंद झाला तर आवाज दुसरी वाट शोधतो, हेही त्याच काळात दिसले. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ रेडिओ सिलोनवर सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि कार्यक्रम परत भारतातच ऐकला जाई. श्रोते केंद्रामागे न जाता आवाजामागे गेले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला त्यांची मनधरणी करावी लागली.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००१ मध्ये खासगी एफ.एम. केंद्रे सुरू झाली. पण परवान्याची किंमत जबर, आणि स्वतःच्या बातम्या देण्यास मज्जाव. निवेदकाचा धनी सरकारऐवजी व्यापारी झाला, एवढेच.

खरी फारकत अमेरिकेत झाली. ख्रिस्तोफर लायडन हे बॉस्टनच्या नभोवाणीवरील नामांकित मुलाखतकार. २००१ मध्ये त्यांनी केंद्र सोडले आणि २००३ मध्ये डेव्ह वायनर या तंत्रज्ञाच्या साहाय्याने आपल्या मुलाखती इंटरनेटवरून देण्यास आरंभ केला. मासिकाच्या वर्गणीदाराला अंक घरपोच मिळावा, तसा कार्यक्रम श्रोत्याच्या यंत्रावर आपोआप येऊ लागला. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द छापून आला तो त्यानंतर, २००४ मध्ये. आपल्याकडेही एफ.एम.वर गोष्टी सांगून घराघरांत पोचलेले नीलेश मिश्रा पुढे इंटरनेटच्या वाटेनेच श्रोत्यांना भेटू लागले.

म्हणजे निवेदक आता स्वतंत्र झाला काय? परवान्यापुरता झाला. परंतु गूगलने आपली पॉडकास्ट सेवा २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा ऐकणाऱ्यांना आपला मुक्काम हलवावा लागला. नवा धनी दूर राहतो, म्हणून तो धनी नाही असे होत नाही. शिवाय चावडीवरचा एक रेडिओ साऱ्या गावाला पुरे. पॉडकास्ट जो तो आपल्या कानापुरता ऐकतो, त्याला भ्रमणध्वनी लागतो आणि डेटाचे पैसेही मोजावे लागतात.

म्हणून आम्हांस वाटते की, या स्थलांतरात निवेदकाने आपल्या ध्वनिमुद्रणांची प्रत स्वतःजवळ राखावी आणि श्रोत्यांनी आपली संगत राखावी. जे श्रोतृमंडळ १९५६ मध्ये आपल्या वाट्याला आले नाही, ते आज गावोगावच्या वाचनालयांत भरविण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. आठवड्यातून एकदा दहा माणसांनी एकत्र बसून एखादा पॉडकास्ट ऐकावा, त्यावर वाद घालावा आणि आपले म्हणणे निवेदकाला लिहून पाठवावे. निवेदकाला लहरींची सक्ती उरली नाही हे खरे. पण उत्तर देणारा श्रोता त्याला आजही हवा आहे.