नमुना घेणाऱ्याचा हात



तासगाव-खटावकडची द्राक्षे परदेशी जाऊ लागली, तेव्हा गोडी, रंग आणि मण्याची जाडी यांवर सौदा ठरे. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत मिथोमिल, ॲसिफेट या औषधांचे अवशेष निघाले आणि सगळा हिशेब बदलला. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा झाली. २००६ मध्ये अपेडाने 'ग्रेपनेट' आणले. बाग नोंदवायची, आणि नमुना बागेतूनच, तोही प्रयोगशाळेच्या माणसाने घ्यायचा. आमच्या मते यातली ही शेवटची अट सर्वांत मोलाची.

का म्हणाल, तर फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. बाहेरचा घड निथळतो, पानाआडचा कोरडाच राहतो. वळणावर पंप रेंगाळला की तिथल्या झाडांना जादा औषध. इंग्लंडात एकेक गाजर सुटे तपासले, तेव्हा काहींत सरासरीच्या कित्येक पट अवशेष सापडले. १९९५ मध्ये तिथल्या सरकारला 'गाजर सोलून खा' असे सांगावे लागले. मग बांधाकडेचे चार नग तोडून आणलेला दाखला कितपत खरा?

प्रयोगशाळेच्या आकड्यातही थोडे मागेपुढे होतेच. युरोपचे तपासनीस त्यासाठी ५० टक्के सूट धरतात. पण ती तपासणीतल्या फरकाची. चुकीच्या नमुन्याला ती पुरत नाही.

भाजीलाही हेच लागू. भेंडी तर आता अपेडाच्या नोंदणीत आलीच आहे. १९९९ च्या कोडेक्स नियमाप्रमाणे भेंडीचा नमुना किमान १ किलो, टोमॅटोचा १ किलो व निदान १० फळे, कोबीचा २ किलो व निदान ५ गड्डे. रानात नागमोडी चालत, कडेचे-मधले, वरचे-खालचे, थोडे थोडे तोडावे. चांगलेच निवडू नये. धुऊ-पुसू तर मुळीच नये.

आणि पिशवीवर गट नंबर, तारीख व मारलेली सगळी औषधे लिहा, लपवू नका. २०१० मध्ये आपली द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडकली ती क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे आपल्या सीसीसीमुळे. तेव्हा मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टनांत १ ग्रॅम! हे औषध आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते, त्यामुळे इथे ते कोणी शोधलेच नव्हते.