स्ट्रोमॅटोलाइट

स्ट्रोमॅटोलाइट : उथळ पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या, मुख्यत्वे नील-हरित शैवलांच्या, चिकट थरांवर थर चढून निर्माण झालेली, पापुद्र्यांची घडण असलेली संरचना. ही बहुधा चुनखडक व डोलोमाइट यांत आढळते. अर्न्स्ट काल्कोव्स्की या जर्मन भूवैज्ञानिकाने १९०८ मध्ये योजलेल्या या संज्ञेच्या मुळाशी ‘अंथरूण’ व ‘दगड’ या अर्थांचे ग्रीक शब्द आहेत, आणि ते फार समर्पक आहेत.

शैवलाचा बुळबुळीत थर पाण्याबरोबर आलेले चुन्याचे बारीक कण धरून ठेवतो. कणांखाली प्रकाश अंधुक झाला की शैवलतंतू फटींतून वर सरकून नवे अंथरूण घालतात. शिवाय प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डाय-ऑक्साइड शोषला गेल्याने पाण्यातील चुनाही जागीच साकळतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागराच्या हॅमेलिन पूल भागात, जेथील पाणी समुद्राच्या सुमारे दुप्पट खारट असल्यामुळे शैवले चरणारे प्राणी फारसे टिकत नाहीत, तेथे ही वाढ अद्याप चालू असून ती वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. त्याच प्रांतातील पिलबारा येथील अशा संरचना सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत.

गाडले गेल्यावर मात्र मूळ द्रव्य क्वचितच शाबूत राहते. ॲरागोनाइट हे चुन्याचे खनिजरूप विरघळून त्याच्या जागी कॅल्साइट हे दुसरे रूप येते, स्फटिक मोठे होताना पापुद्र्यांच्या कडा पुसट होतात, आणि मॅग्नेशियमयुक्त पाणी झिरपल्यास सारा खडक डोलोमाइट बनतो. दाबाखाली विरघळून पडलेल्या दातेरी शिवणी तर कित्येकदा मूळच्या पापुद्र्यांसारख्याच भासतात. म्हणून अस्सल नोंद कोणती आणि मागाहूनची खाडाखोड कोणती, याचा निवाडा प्रथम करावा लागतो. तथापि प्रत्येक बदल नासच करतो असे नाही. सुपीरिअर सरोवरालगतच्या गनफ्लिंट खडकांत सिलिकेने चुन्याची जागा इतक्या लवकर घेतली, की सुमारे १८८ कोटी वर्षांपूर्वीचे पेशींचे आकार त्यांत टिकले. टायलर व बारघूर्न या संशोधकांनी १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले.

भारतात उदयपूरजवळील झामरकोटडा येथे फॉस्फेट नेमके स्तंभाकार स्ट्रोमॅटोलाइटांत साठले आहे. तेथील खाणीच्या उभ्या कापात निळसर-करडे स्तंभ आणि त्यांमधील फिकट डोलोमाइट स्पष्ट दिसतात. स्तंभातील पापुद्रे पालथ्या वाट्या एकीवर एक रचाव्या तसे असतात. अरवलीच्या घड्यांत थर उलटेपालटे झाले असता या वाट्यांचा फुगवटा ज्या अंगाला, ते अंग मूळचे वरचे, असे ओळखता येते.