टकळी, चरखा आणि कातणारीची मजुरी

बोलघेवड्या माणसाला आपण म्हणतो, ‘याच्या तोंडाची टकळी सुरू झाली!’ व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने हा टोमणा आधीच स्वतःवर घेतलेला बरा. खरी टकळी आम्ही प्रथम हाती धरली ती शाळेत, सूतकताईच्या तासाला. दहा वेळा सूत तुटे आणि तास संपेपर्यंत हातभर सूतही धड निघत नसे. पुढचे आमचे शिक्षण कारखान्यांच्या दारांवर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा हा विषय आम्ही पंडिताच्या नव्हे, तर मजुरीचा हिशेब करणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहणार आहोत. आमचा प्रश्न साधा आहे. टकळीच्या जागी चरखा आला, तेव्हा कातणारीच्या पदरात काय पडले?

प्रथम ही दोन साधने नीट पाहू. टकळी म्हणजे एक सळई आणि तिच्या खालच्या बाजूला वजनाची चकती. बोटांनी फिरकी द्यायची, पेळूतून तंतू ओढायचे, पीळ भरला की थांबायचे, निघालेले सूत सळईवर गुंडाळायचे आणि पुन्हा फिरकी द्यायची. चरख्याने हीच सळई आडवी केली, तिला चात म्हटले आणि मोठ्या चाकावरची माळ तिच्यावर चढवली. चाक एकदा फिरते तेवढ्यात चात कितीतरी वेढे घेते. उजवा हात चाकावर, डावा पेळूवर. सूत गुंडाळायला थांबायचे ते क्षणभर. टकळीपेक्षा चरख्यावर सुमारे सहापट सूत निघते, असा हिशेब इतिहासकार इरफान हबीब यांनी मांडला आहे.

टकळीचे वय फार मोठे. आपल्या नगर रस्त्यावरील नेवासे येथे ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांहून जुन्या एका दफनात मण्यांची माळ सापडली. तिच्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम असल्याचे तपासणीत दिसून आले. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर येथून गाड्यांवरून भडोचला जाणाऱ्या मालाची नोंद आहे; तेरच्या मालात कापड पुष्कळ होते. त्या काळी येथे चरखा असल्याचा पुरावा नाही. ते सारे सूत बोटांच्या फिरकीवर निघालेले होते.

आणि ते कोण कातीत होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने विधवा, अपंग स्त्रिया, संन्यासिनी, वृद्ध देवदासी अशांकडून सूत कातवून घ्यावे, आणि सूत बारीक, मध्यम की जाडे हे पाहून मजुरी ठरवावी, असे तेथे सांगितले आहे. मजुरी द्यायला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे. मात्र मजुरी घेऊन काम न करणाऱ्या बाईचा अंगठा चिमट्यात सापडतो. मालकाला दंड आणि मजुराला देहदंड, ही विषमता आम्हांस काही नवी वाटली नाही!

आता चरख्याकडे वळू. हा शब्दच फारसी ‘चर्ख’ म्हणजे चाक यावरून आला. आपल्या खेड्यांत त्याला रहाट म्हणत. भारतात चरख्याचा पहिला निःसंदिग्ध लेखी उल्लेख १३५० साली पुऱ्या झालेल्या ‘फुतूह-उस्-सलातीन’ या फारसी काव्येतिहासात आहे, असे हबीब यांनी दाखवून दिले. त्याचा कर्ता इसामी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादेस आणली, त्यांत हा तरुण होता. त्याचे वृद्ध आजोबा वाटेतच वारले. पुढची वर्षे इसामीने येथून १५ किलोमीटरवरच्या त्या किल्ल्याच्या छायेत काढली. एका अर्थी चरख्याची भारतातील पहिली साक्ष आपल्या शेजारच्या माणसाची आहे!

पण ती साक्ष कशासाठी आली आहे ते पाहा. रझिया सुलतान दिल्लीच्या तख्तावर बसली, हे इसामीला रुचले नव्हते. बाईने चरख्याशी बसावे, राज्याच्या भानगडीत पडू नये, अशा अर्थाच्या उपदेशात हा चरखा येतो. सहापट सूत देणारे यंत्र लेखी इतिहासात शिरले ते बाईला घरी बसविण्याचे साधन म्हणून.

टकळी मात्र कोणाला बसवीत नाही. मेंढरांमागे चालणारा धनगर आजही चालता चालता लोकर कातताना दिसतो. टकळी रिकाम्या वेळाची सोबतीण; चरखा बैठक मागतो, घरातली जागा मागतो. सुताच्या गुणातही टकळी हार मानीत नाही. जर्मनीतील श्पायर गावच्या कापडवाल्यांच्या संघाने १२८० च्या सुमारास चरख्याचे सूत आडव्या बाण्यास चालेल, उभ्या ताण्यास नाही, असा नियम केला. डाक्याच्या मलमलीचे अतिबारीक सूतही बाया टकळीवरच कातीत.

मग एकच चाक अनेक चात्या फिरवू लागले. इंग्लंडात हारग्रीव्हजची जेनी आली आणि १७६८ साली पोटाच्या भीतीने लोकांनी त्याची यंत्रे फोडली. पुढे गिरण्यांचे स्वस्त सूत येथे आले, तेव्हा आमच्या कातणाऱ्या बायांनी काही फोडले नाही. त्यांचे चरखे माळ्यावर गेले. आपल्या शहरात १८८९ साली सूत-कापडाची गिरणी उभी राहिली. तिच्यात ७०० माणसे कामाला होती. कातणे घराबाहेर पडले आणि मजुरीचा प्रश्न दारावर आला.

हा प्रश्न चरख्याच्या भक्तांनाही चुकला नाही. १९३५ साली गांधीजींनी अखिल भारत चरखा संघाला विचारले, की कातणारीला आठ तासांचे आठ आणे का मिळू नयेत? खादी स्वस्त ठेवायची ती कोणाच्या उपाशी पोटावर? विनोबांनी नालवाडीत कताईच्या मजुरीवर जगून पाहिले. संघाला आठ आण्यांचा पल्ला गाठता आला नाही; पण पोटापुरती किमान मजुरी हे तत्त्व ठरावाने मान्य झाले. खादी महागणार हे जाणूनच तो ठराव झाला, यातच त्याचे मोल आहे.

आमच्या कामगारजीवनात एका कारखान्यात नवे यंत्र आले. माल दुप्पट निघू लागला, मजुरी तीच राहिली, आणि निम्मी माणसे घरी गेली. त्या रात्री काही तरुण म्हणाले, यंत्र फोडू. आम्ही त्यांना जेनीची गोष्ट सांगितली. यंत्राशी आमचे वैर नाही; टकळीवर परत जा, असेही आम्ही म्हणत नाही. टकळीने, चरख्याने, गिरणीने सूत वाढविले. त्या वाढलेल्या सुताचा वाटा कातणाऱ्या हाताला मात्र कोणत्याही चाकाने आपणहून दिला नाही. तो मागावा लागला, आणि मागणारे एकत्र आले तेव्हाच थोडाफार मिळाला. दौलताबादचा किल्ला पाहायला जाल तेव्हा तोफेबरोबर त्या चरख्याचीही आठवण ठेवा, एवढेच आमचे मागणे.