सास्तीचा कोळसा आणि भिंतीवरची माणसे

चुलीतला विझलेला कोळसा उचलून भिंतीवर रेघोट्या मारल्या नाहीत, असे मूल आमच्या पिढीत सापडणे कठीण. त्यासाठी घरात मारही बसायचा, कारण भिंतीला पुन्हा चुना द्यावा लागे. त्याच कोळशाने भिंतीवर माणसे काढणारे चंद्रपूर जिल्ह्यातले एक कलावंत २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफ शहरात ‘आर्टेस मुंडी’ या आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांचे नाव प्रभाकर पाचपुते. त्या वर्षी परीक्षकांनी एकाची निवड न करता सहाही कलावंतांना मिळून पुरस्कार दिला. त्या सहांत हे एक नाव होते. मराठी वाचकांपर्यंत ते जितके पोहोचायला हवे होते तितके पोहोचले नाही, असे मला वाटते.

पाचपुते यांचा जन्म १९८६ साली राजुरा तालुक्यातल्या सास्ती गावात झाला. घराण्याच्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीशी बांधलेल्या. या गावाचा इतिहास मोठा वळणाचा आहे. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा लागते. नदीच्या एका काठाला इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि दुसऱ्या काठाला निजामाचे हैदराबाद राज्य, अशी इथली जुनी विभागणी होती. म्हणून राजुऱ्यात आजही १७ सप्टेंबरला मुक्तिदिन पाळतात. सास्तीच्या भुईखाली दगडी कोळसा आहे हे निजामाच्या राजवटीतच माहीत झाले होते. पलीकडे इंग्रजांनी १८७१ साली वरोऱ्याला खाण उघडली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. पुढे राज्ये बदलली, १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. मालक बदलत गेले तरी भुयारात उतरणारा माणूस त्याच गावांतला राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मराठीत आपण दोन वेगळ्या वस्तूंना कोळसाच म्हणतो. खाणीतला दगडी कोळसा वेगळा आणि लाकूड जाळून केलेला, इस्त्रीत, शेगडीत नि चित्रकाराच्या हातात असतो तो वेगळा. पाचपुते चित्रांसाठी वापरतात तो दुसरा. पण दोन्हींचे मूळ एकच, झाड. वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी गाडले गेलेले जंगल. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना भूशास्त्रज्ञांनी गोंडवन हे नाव दिले, गोंडांच्या मुलुखावरून. नाव जगभर गेले, मात्र गोंडांची जमीन त्यांच्या हातात किती उरली, हे चंद्रपूर-गडचिरोलीत कुणालाही विचारा. एटापल्लीजवळच्या सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे. त्याच डोंगरातून आता लोहखनिज निघते.

पाचपुते खैरागढच्या कला विद्यापीठात शिल्पकला शिकले, मग बडोद्याला गेले. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचे ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हे प्रदर्शन झाले. कॅनरी हा छोटा पिवळा पक्षी. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून विलायतेतले कामगार तो पिंजऱ्यात घालून खाणीत नेत. पक्षी कोसळला की माणसांनी पळायचे. ब्रिटनमध्ये ही पद्धत बंद करण्याचा निर्णय १९८६ साली झाला, म्हणजे पाचपुते जन्मले त्याच वर्षी. त्यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोके नसते. तिथे दिवा असतो, अवजार असते, कधी यंत्राचा एखादा भाग. हजेरीपटावर कामगार फक्त ‘हात’ म्हणून नोंदला जातो, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही.

आता कुणी म्हणेल, कोळसा, मडकी, पोती मांडून ठेवली की कला होते का? प्रश्न योग्य आहे, आणि बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असेच असते. १९३८ साली पॅरिसमध्ये मार्सेल दुशां यांनी प्रदर्शनाच्या छताला बाराशे कोळशाची पोती टांगली होती. आगीच्या भीतीने त्यांत कोळशाऐवजी कागद भरला होता. कल्पना जबरदस्त, पण धोका कागदी. पुढे साठच्या दशकात इटलीत यानिस कुनेलिस यांनी खराखुरा कोळसा दालनात आणून ओतला. पाचपुते यांच्याकडे कोळसा कल्पना म्हणून आला नाही, तो आधीपासून घरात होता. मला फरक इथे दिसतो.

असाच फरक मला रुम्माना हुसैन यांच्याकडे दिसतो, आणि आपल्या वाचकांना हे नाव माहीत असायलाच हवे. १९९२ साली बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली झाल्या. त्यानंतर रुम्माना यांनी कॅनव्हास बाजूला ठेवला. फुटकी मातीची मडकी, गेरू, नीळ, विटा, पपई अशा घरातल्या वस्तू त्यांनी मांडल्या. १९९६ साली ‘होम/नेशन’, पुढच्या वर्षी ‘बेगम हजरत महल यांची कबर’. फुटलेले मडके हे फुटलेले घर होते, आणि त्याला तेलरंगाची गरज नव्हती. १९९९ साली, जेमतेम सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. दंगलीचे अहवाल निघाले, खाणीतल्या उत्पादनाचे आकडे दर वर्षी छापले जातात. पण मडक्याला आणि कोळशाला जे दिसले ते त्या कागदांत येत नाही.

पाचपुते सास्तीपुरते थांबले नाहीत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत शेतकरी मुंबईत आले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शहरात ते रात्रीच चालले. त्याच वर्षीच्या कोची बिनालेत पाचपुते यांनी शेतकऱ्यांचा हा मोर्चा आपल्या कामात आणला. कार्डिफसाठी त्यांनी वेल्सच्या खाणकामगारांचे निशाण आणि मोर्चे पाहिले. वेल्समध्येच १९६६ साली अ‍ॅबरफॅन गावात खाणीच्या मलब्याचा डोंगर शाळेवर घसरला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. चंद्रपूरच्या उघड्या खाणींभोवती उभे असलेले मातीचे ढिगारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अ‍ॅबरफॅन दूरचे वाटणार नाही.

२०२२ साली व्हेनिसच्या बिनालेतही त्यांचे काम लागले. कॅनव्हासवरचे काम टिकते, विकलेही जाते. भिंतीवर कोळशाने काढलेली माणसे मात्र प्रदर्शन संपले की तिथेच राहतात आणि पुढच्या प्रदर्शनासाठी त्यांच्यावर पांढरा रंग फिरवला जातो.