कचरा वेचणाऱ्यांचा निर्णय कोणी घ्यायचा?

१/ १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आदी कार्यकर्त्या पुण्यातील कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना अक्षरओळख करून देण्यास गेल्या.

२/ स्त्रियांची निकड निराळी होती. घराघरांतून सुका कचरा वेगळा मिळाला, तर कुंडीत हात घालावा लागणार नव्हता. कार्यकर्त्यांनी ते काम हाती घेतले.

३/ १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांतील वेचक तिचे सभासद झाले. सेवाभावी संस्थेऐवजी कामगार संघटना निवडल्याने लाभार्थी वर्गणीदार झाले. त्यांना जाब विचारण्याचा हक्क मिळाला.

४/ २००८ मध्ये पुणे महापालिकेशी दारोदार कचरासंकलनाचा करार झाला. तो ठेकेदाराने केला नाही. वेचकांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने केला.

५/ करार मात्र मुदतीचा असतो. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी वेचकांची उपजीविका पुन्हा पणाला लागते. म्हणून कोणत्याही भागीदारीत शिरताना पहिला प्रश्न हाच विचारावा: ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, ते निर्णयाच्या बैठकीत बसले आहेत का?