नौदलाच्या हॉस्पिटलमधला बॉक्सर

ज्यांच्या पाड्यावर रेंज येते-जाते, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही या भागाची लेखी प्रत. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट समजायला आधी एक नकाशा डोळ्यांसमोर आणा. डहाणू रोड स्टेशन. तलासरीकर जीपने नाहीतर एसटीने आधी स्टेशन गाठणार, मग गाडीने सव्वाशे किलोमीटर, पार चर्चगेटपर्यंत. तिथून अजून खाली गेलं की कुलाबा, आणि कुलाब्याच्या टोकाला समुद्राजवळ नौदलाचं एक मोठं हॉस्पिटल, आयएनएचएस अश्विनी. साधारण साठ वर्षांपूर्वी तिथे एक बॉक्सर दाखल झाला. रिंगमध्ये तो पुन्हा कधीच उभा राहणार नव्हता. पण त्याचं खरं करिअर तिथूनच सुरू झालं.

त्याचं नाव मुरलीकांत पेटकर. आता काही जण म्हणतील, अरे हे तर 'चंदू चॅम्पियन'वाले! बरोबर. पण आपण आज सिनेमा बाजूला ठेवू आणि वेगळा प्रश्न विचारू. बॉक्सरचा ठोसा संपला, की त्याच्या मागे कोण उभं असतं?

बॉक्सिंग आणि गणवेशाचं नातं जुनं आहे, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. बॉक्सरला काय लागतं? रोजचा सराव, पोटभर चांगलं खाणं, कोच, रिंग आणि दुखापत झाली तर डॉक्टर. शेतमजुराच्या पोराला हे सगळं एका जागी कुठे मिळणार? लष्करात, नौदलात, नाहीतर पोलिसात आणि रेल्वेत. म्हणून आपल्याकडचे कितीतरी बॉक्सर कुठल्या ना कुठल्या गणवेशातून आलेले दिसतात.

दोन उदाहरणं पटकन देतो, दोन्ही नौदलातली.

पहिला रँडॉल्फ टर्पिन, इंग्लंडचा. हा पोरगा ब्रिटिश नौदलात स्वयंपाकी होता. १९४६ मध्ये प्रोफेशनल झाला, म्हणजे पैशांसाठी लढायला लागला. १० जुलै १९५१ ला लंडनमध्ये त्याने चक्क शुगर रे रॉबिन्सनला हरवलं आणि मिडलवेटचा जगज्जेता झाला. तो किताब टिकला किती? ६४ दिवस. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला परत लढत झाली आणि टर्पिन हरला. पुढे कराची थकबाकी, मग दिवाळखोरी, आणि १९६६ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी मृत्यू. गर्दी रिंगपर्यंतच होती. नंतर मागे कोणीच नव्हतं.

दुसरा आपला डिंको सिंग. जन्म १९७९ चा, मणिपूरचा, अनाथाश्रमात वाढलेला. नौदलाची नोकरी आणि बॉक्सिंग दोन्ही सोबत. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ५४ किलो वजनी गटात सुवर्ण. बॉक्सिंगमधलं भारताचं आशियाई सुवर्ण तब्बल १६ वर्षांनी आलं होतं. मेरी कोमने त्याच्याकडे बघून ग्लोव्हज घातले. तो प्रोफेशनल झाला नाही, नंतर कोच झाला. २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये, जेमतेम ४२ वर्षांचा असताना, यकृताच्या कॅन्सरने गेला.

आता या दोघांच्या शेजारी पेटकरांना ठेवून बघा.

जन्म १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचा. हा सगळा पट्टा कुस्तीचा. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. साहजिकच पेटकरही आधी मातीत लोळले. मग कोवळ्या वयात सैन्याच्या बॉईज बटालियनमध्ये गेले, आणि पुढे ईएमई कोअरमध्ये. ईएमई म्हणजे रणगाडे, गाड्या, यंत्रं दुरुस्त करणारी माणसं. थोडक्यात सैन्यातले मेकॅनिक. तिथे त्यांनी ग्लोव्हज घातले आणि १९६४ मध्ये टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताकडून उतरले. विशीतलं पोर, जपानमध्ये, भारताच्या जर्सीत. इथून पुढचा रस्ता सरळ दिसत होता.

आणि मग १९६५ चं युद्ध आलं.

त्या युद्धात पेटकरांना गोळ्या लागल्या. मणक्याला इजा झाली. कमरेखालचं शरीर साथ देईना. एक गोळी तर मणक्यातच राहिली.

इथे जरा थांबून बॉक्सिंगचं एक साधं तंत्र सांगतो, कारण त्याशिवाय नुकसान किती मोठं होतं ते कळणार नाही. आपल्याला वाटतं ठोसा हाताने मारतात. तसं नाहीये. ठोसा मागच्या पायाच्या चवड्यातून सुरू होतो, कमरेच्या झटक्यातून वर चढतो, खांद्यातून जातो आणि शेवटी मुठीत पोहोचतो. हात हे फक्त शेवटचं टोक. त्यामुळे पाय गेले म्हणजे नुसती पळापळ बंद झाली असं नाही, ठोशाचा उगमच आटला.

उपचारांसाठी त्यांना मुंबईत आणलं, नौदलाच्या त्याच अश्विनी हॉस्पिटलमध्ये. जवान भूदलाचा, हॉस्पिटल नौदलाचं. तिथे फिजिओथेरपीचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आलं. पाण्यात शरीराचा भार पाणी पेलतं, त्यामुळे जमिनीवर न हलणारा माणूसही तिथे स्वतःच्या बळावर पुढे सरकू शकतो. पाय मागून ओझ्यासारखे ओढले जातात हे खरं, पण सगळी कामगिरी खांदे, पाठ आणि दमावर येते. आणि बॉक्सरकडे नेमकं हेच तर शिल्लक होतं! वर्षानुवर्षं कमावलेले खांदे आणि फेरीमागून फेरी टिकणारा दम. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर अर्धं गेलं, पण बॅकअप शाबूत होता.

आता जागतिक बाजू. ज्या स्पर्धांना आज आपण पॅरालिम्पिक म्हणतो, त्यांचं मूळ युद्धातच आहे. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी हॉस्पिटलच्या आवारात १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे या जागतिक स्पर्धा उभ्या राहिल्या. म्हणजे मणक्यात गोळी घेतलेल्या जवानासाठी दार आधीच उघडलं गेलं होतं. प्रश्न होता तिथपर्यंत पोहोचण्याचा.

त्या कामी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली. १९६८ मध्ये तेल अवीवला भारताचा संघ पहिल्यांदाच या स्पर्धांना गेला. पेटकर तिथे खेळले टेबल टेनिस! १९७० मध्ये एडिनबरोच्या कॉमनवेल्थ पॅराप्लेजिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण, शिवाय भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य. एका माणसाचे खेळ मोजा : कुस्ती, बॉक्सिंग, टेबल टेनिस, पोहणं, भाला, गोळा.

मग ऑगस्ट १९७२, पश्चिम जर्मनीतलं हायडेलबर्ग. ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण तिथलं क्रीडाग्राम या खेळाडूंसाठी मिळालं नाही, म्हणून स्पर्धा हायडेलबर्गला भरवली. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी वेळ दिली ३७.३३ सेकंद. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम. त्या काळी हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत, म्हणजे नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांसाठी घडवलेल्या शरीराने ३७ सेकंदांत देशासाठी ते केलं, जे तोवर एकाही भारतीयाला एकट्याच्या बळावर जमलं नव्हतं.

आता स्पर्धा परीक्षावाल्यांना विचारा, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कोणाचं? उत्तर येईल अभिनव बिंद्रा, २००८. ऑलिम्पिकपुरतं ते बरोबरच आहे. पण पेटकरांचं सुवर्ण त्याच्या ३६ वर्षं आधीचं आहे. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पुढचं सुवर्णसुद्धा थेट २००४ मध्ये आलं, देवेंद्र झाझरियाचं. मधली ३२ वर्षं हा माणूस कुठे होता? पुण्यात. टेल्कोत नोकरी करत होता. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. जून २०२४ मध्ये सिनेमा आला. आणि जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार हातात पडला. जिंकायला ३७ सेकंद लागले आणि देशाला ते लक्षात यायला जवळपास अर्धं शतक.

मला यातून दोन गोष्टी दिसतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. टर्पिनला टाळ्या मिळाल्या, आधार मिळाला नाही. पेटकरांना टाळ्या मिळाल्या नाहीत, पण आधार मिळाला : हॉस्पिटल, उपचार, तिकिटाची सोय करणारा माणूस, नंतर पगाराची नोकरी. माणूस जगतो तो आधारावर. टाळ्या उशिरा आल्या तरी चालतं. पण हे पेटकरांच्या बाबतीत चाललं, कारण ते तेवढे जगले. डिंकोला तेवढी वर्षं मिळाली नाहीत.

हे मी डहाणू-तलासरीच्या पोरांना का सांगतोय? कारण पहाटे हायवेच्या कडेला भरतीसाठी धावणारी पोरं आपल्या ओळखीची आहेत. कोणी पोलिसात बघतोय, कोणी अग्निवीर, कोणी नौदलात. अग्निवीर योजनेत सेवा चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम ठेवतात. म्हणजे बहुतेकांना पंचविशीच्या आतबाहेर दुसरं करिअर शोधावंच लागणार. तयारी जोरात करा, नक्की करा. पण फक्त १६०० मीटरचं टायमिंग लिहून ठेवू नका. पोहता येतं का, गाडी दुरुस्त करता येते का, हिशेब ठेवता येतो का, शिकवता येतं का, हेही वहीत लिहा. गुडघा दुखावला किंवा वय निघून गेलं, तर तीच पानं उघडावी लागतील. पेटकरांनी ती पानं हॉस्पिटलच्या पलंगावर उघडली.

आणि घरच्यांनाही एक सांगतो. भरतीत बाहेर पडलेला पोरगा घरी आला, की "आता काय करणार?" हे पहिल्याच दिवशी विचारू नका. आधी जेवायला वाढा.

एवढंच आजसाठी. भाग आवडला असेल तर भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या मित्राला पाठवा, आणि पाठवताना त्याला तो बिंद्रावाला प्रश्न नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!